पंधरा जण, पहिला बर्फ : बेळगाव ते गुलमर्ग, प्रकल्पाच्या नोंदी

24 सप्टेंबर 2023, रविवार. टिळकवाडी.

गौरी काल गेल्या. आज दुपारी जेवणं झाल्यावर सगळे इथंच सोप्यात बसलो होतो. खानापूरचा दादा म्हणाला, "आपल्यात एकानं तरी बर्फ बघितलाय काय?" कुणीच नाही. तेवढ्यावरून विषय निघाला आणि चहा होईपर्यंत ठरलंसुद्धा : यंदाच्या हिवाळ्यात स्की शिकायला जायचं. नुसतं बर्फात फोटो काढून परतायचं नाही, शिकायचं.

यादी केली. आम्ही चौघं (मुलं 13 आणि 9). शहापूरच्या नणंदबाई, भाऊजी आणि त्यांची दोन मुलं (15 आणि 11). खानापूरचे दादा-वहिनी आणि त्यांची छोटी, वय 7. निपाणीची माझी मावसबहीण, तिचे यजमान आणि कॉलेजात जाणारा मुलगा. शिवाय सासूबाई, वय 63. एकूण पंधरा. सासूबाई स्की करणार नाहीत, पण येणार नक्की.

उद्यमबागेतल्या कारखान्यात मी नियोजनाचं काम बघते, म्हणून वही माझ्याकडे आली. ऑर्डर आली की मी आधी सगळ्यात सावकाश चालणारं मशीन कोणतं ते बघते, कारण माल त्याच्याच वेगानं बाहेर पडतो. इथंही तेच करणार.

1 ऑक्टोबर, रविवार

जागा तीन : औली, सोलंग, गुलमर्ग.

औली माझ्या मनात पहिली होती. गढवाल मंडळ विकास निगमचे 7 आणि 14 दिवसांचे शिकवणीचे वर्ग तिथं चालतात, उतारही नवख्यांना चांगले. पण जानेवारी 2023 मध्ये जोशीमठची जमीन खचली, घरांना तडे गेले आणि तिथून औलीला जाणारा रोपवे बंद झाला. हरिद्वारहून डोंगरातला दिवसभराचा रस्ता, पुढं संकटात असलेलं गाव, आणि आपल्याबरोबर 63 वर्षांच्या सासूबाई. औली खोडली.

सोलंग मनालीच्या वर आहे. विमानानं जवळ पोचायची सोय तुटपुंजी, दिल्लीहून रस्ता रात्रभराचा. उतार लहान आणि हंगामात त्यावर स्कीपेक्षा इतर गर्दीच जास्त. एक दिवस मजा करायला ठीक.

गुलमर्ग 2,650 मीटरवर. श्रीनगर विमानतळापासून रस्त्यानं पन्नास-पंचावन्न किलोमीटर. गावाच्या मधोमध बशीसारखा पसरलेला खोलगट भाग आहे, तिथले उतार अगदी सौम्य, म्हणजे पडलं तरी लांब घसरत जायला जागाच नाही. केंद्र सरकारची स्की आणि गिर्यारोहण शिकवणारी संस्थाही तिथंच. खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा 2020 पासून तिथं होतात. गुलमर्ग नक्की.

8 ऑक्टोबर, रविवार. बेळगुंदी.

बेळगावात राहून काश्मीरची माहिती कुणाला विचारायची, हा प्रश्नच पडत नाही. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र इथं, त्यामुळं आसपासच्या प्रत्येक गावात बर्फात दिवस काढलेला एखादा तरी निवृत्त फौजी सापडतो. भाऊजींच्या ओळखीचे सुभेदारकाका बेळगुंदीला असतात. काजूच्या झाडाखाली खुर्च्या टाकून दोन तास बोलले. जसं सांगितलं तसं लिहून ठेवते.

गुलमर्गला लष्करानं 1948 मध्ये स्की शाळा काढली. तीच आजची हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल. ती उभी करणारे थिमय्या, पुढं लष्करप्रमुख झाले, आपल्याच कर्नाटकातले, कोडगूचे. हे सांगताना काकांचा आवाज बदलला.

थंडीचा हिशेब काश्मिरी लोक असा ठेवतात : 21 डिसेंबरपासून 40 दिवस चिल्ला-ए-कलां, मग 20 दिवस चिल्ला-ए-खुर्द, मग 10 दिवस चिल्ला-ए-बच्चा. "पहिल्या चाळीसात बर्फ साठू दे. तुम्ही दुसऱ्यात जावा. थंडी थोडी कमी, बर्फ भरपूर."

मी त्यांना विचारलं, "नवख्यानं सगळ्यात जास्त कशाला भ्यावं?" ते म्हणाले, "पहिल्या दिवशी काय होत नाही, माणूस भिऊन असतो. तिसऱ्या दिवशी जपा. जरा जमायला लागलं की पोरं वर बघतात." मग बोटानं वर दाखवून म्हणाले, "गोंडोलाचा, म्हणजे तिथल्या रोपवेचा, दुसरा टप्पा 3,900 मीटरच्या वर जातो. तिथनं खालचा उतार राखलेला नसतो, बर्फाचे कडे सुटतात. तुम्ही त्या टप्प्याचं तिकीटच काढू नका."

नियम क्रमांक 1 म्हणून लाल शाईनं लिहिलं : दुसरा टप्पा नाही. कुणासाठीच नाही.

22 ऑक्टोबर, रविवार

तारखा ठरल्या. 6 ते 13 फेब्रुवारी 2024. नाताळच्या सुट्टीत जावं असं मुलांचं म्हणणं होतं, पण तेव्हा बर्फ साठलेला असेलच असं नाही आणि गर्दी, दर दोन्ही चढे. फेब्रुवारीत आठवडाभर शाळा बुडणार. शाळांना आत्ताच अर्ज दिले. नणंदबाईंचा मोठा यंदा नववीला, दहावीला असता तर सगळंच एक वर्ष पुढं ढकललं असतं.

दुर्गामाता दौडीला मुलं पहाटे उठून धावताहेत. दम वाढवायला आयती संधी.

29 ऑक्टोबर, रविवार

प्रवास. सांबऱ्याहून दिल्लीला विमान, रात्र दिल्लीत, दुसऱ्या दिवशी सकाळच्या विमानानं श्रीनगर. निपाणीचे यजमान म्हणाले, गोवा एक्स्प्रेस बेळगावावरून थेट निजामुद्दीनला जाते, पैसे वाचतील. बरोबर आहे, पण जाता-येता तीन दिवस गाडीतच जातात आणि ते शिकवणीतून वजा होतात. थोडी चर्चा झाली. शेवटी ठरलं, मुक्काम साधा घ्यायचा, पण दिवस कापायचे नाहीत.

हे माझं ठाम मत आहे, म्हणून सविस्तर लिहिते. नवख्याला एका दिवसात स्की येत नाही. पहिला दिवस बूट, पडणं आणि उठणं यातच जातो. दुसऱ्या दिवशी पुढची टोकं जवळ आणि मागची फाकवून, इंग्रजी व्ही उलटा धरल्यासारखं थांबायला जमतं. तिसऱ्या दिवशी वळायला येतं. एकच दिवस घेणाऱ्याला वाटतं की हे आपल्याला जमण्यातलं नाही आणि तो तसाच परत येतो. म्हणून प्रत्येकाला चार दिवस शिकवणी. आणि त्या चारातला कुठलाही अर्धा दिवस ज्याला नको असेल त्यानं सोडायचा, त्याला कुणी काही विचारायचं नाही. हा नियम क्रमांक 2.

शिक्षक चार. गट असे : 7, 9, 11 वयाची मुलं एकत्र, 13, 15 आणि कॉलेजवाला एकत्र, मोठी आठ माणसं चार-चार करून. नवरा-बायको एका गटात ठेवलेले नाहीत. गाडी शिकताना काय होतं ते सगळ्यांनाच माहीत आहे.

पैशासाठी भिशी सुरू. मोठ्या माणसामागे 58,000 चा अंदाज, त्यात दहा टक्के राखीव.

19 नोव्हेंबर, रविवार. दिवाळीनंतर.

मुलांनी अंगणात केलेला किल्ला अजून तसाच आहे. कॉलेजवाल्यानं त्याच्या एका उतारावर पीठ पसरून आइसक्रीमच्या काड्यांचे स्की केले आणि लहानांना वळण म्हणजे काय ते दाखवलं. मला त्यातून इतकं स्पष्ट समजलं की मीही खाली बसून बघितलं : सरळ खाली गेलं की वेग, आडवं झालं की थांबणं. सगळा खेळ या दोहोंमधला.

आज बुटांचं काम केलं. स्कीच्या बुटांचे नंबर आपल्या चपलांच्या नंबरात चालत नाहीत. पाऊल किती सेंटीमीटर लांब, तोच आकडा. 24.5 म्हणजे साडेचोवीस सेंटीमीटर. म्हणून देवघरातला पाट भिंतीला टेकवून ठेवला, त्यावर कागद घातला, प्रत्येकाची टाच भिंतीला लावून पाऊल पेन्सिलीनं आखून घेतलं. चौदा कागद झाले. प्रत्येकावर नाव, वय, उंची आणि वजन.

वजनापाशी अडलं. खानापूरच्या वहिनी सांगेनात. मग समजावून सांगितलं : बूट स्कीला जिथं अडकतो ती पकड वजन, उंची, वय आणि कौशल्य बघून लावतात. पडल्यावर स्की पायातून सुटली पाहिजे. वजन खोटं सांगितलं तर ती एकतर उगाच सुटेल, नाहीतर सुटायची तेव्हा सुटणार नाही आणि गुडघा पिरगळेल. वहिनींनी आकडा माझ्या कानात सांगितला. मी कागदावर लिहून कागद घडी घातला.

26 नोव्हेंबर, रविवार

कपडे. खडे बाजारात फिरलो. इथल्या थंडीला पुरणारे स्वेटर तिथं पुरणार नाहीत, आणि सुती तर अजिबात नको. सुती कापड घाम धरून ठेवतं, वाळत नाही आणि माणूस आतून गार पडतो. अंगालगत कृत्रिम धाग्याचं किंवा लोकरीचं, त्यावर उबेचं, सगळ्यात वर पाणी न शिरणारं. पँट पाणी न शिरणारी हवीच, कारण पहिला दिवसभर आपण बसूनच असणार. ती आणि जाकीट तिथं भाड्यानं मिळतात, विकत घ्यायचं नाही असं ठरलं.

मोजे एकच जोड घालायचे. दोन घातले की ऊब वाढते असं सगळ्यांना वाटतं, पण बूट आवळला जाऊन रक्त फिरत नाही आणि बोटं जास्त गार पडतात. पोटरीपर्यंत येणारे, पातळसे, लोकरीचे. प्रत्येकी तीन जोड.

गॉगलचा हट्ट मी धरला. दर हजार मीटर उंचीला अतिनील किरणं साधारण 10 टक्क्यांनी वाढतात आणि ताजा बर्फ त्यातली 80 टक्क्यांपर्यंत परत वर फेकतो. हनुवटीच्या खाली, नाकपुड्यांपाशीसुद्धा मलम लावायचं.

3 डिसेंबर, रविवार. येळ्ळूरचा राजहंसगड.

पहाटे सगळे गडावर चढून आलो. खाली वाफे दिसत होते, धुकं होतं. स्कीला मांड्या लागतात, म्हणून रोज उठाबशा, आणि भिंतीला पाठ टेकून खुर्चीशिवाय बसणं. भाऊजी दोन मिनिटं बसतात. दादाचा उजवा गुडघा जुना दुखणेकरी आहे, त्याला डॉक्टरांनी तपासून परवानगी दिली, पण पट्टा बांधायला सांगितला.

उतरताना वहिनी माझ्याबरोबर मागं राहिल्या. म्हणाल्या, "आक्का, मला भ्या वाटतंय बघा. मी खोलीत बसते की. पोरगी शिकू दे." मी काही समजावत बसले नाही. एवढंच म्हणाले की मुलांच्या शेजारचा सगळ्यात सपाट उतार तुमचा, चार दिवस तिथंच राहिलात तरी चालेल. घरी आल्यावर मोठ्यांच्या दुसऱ्या गटाचा आराखडा बदलला. त्या गटाचा वेग वहिनींचा.

17 डिसेंबर, रविवार

विमा. एका एजंटानं आणून दिलेली प्रवासाची पॉलिसी रात्री बसून पूर्ण वाचली. बारीक अक्षरात साहसी खेळ वगळलेले. म्हणजे ज्यासाठी चाललोय तेच त्यात नाही. परत केली. हिवाळी खेळ स्पष्ट शब्दांत धरलेली दुसरी घेतली, थोडी महाग पडली.

सासूबाईंचा रक्तदाब तपासला. बेळगाव 750 मीटरच्या आसपास, गुलमर्ग त्याच्या साडेतीन पट उंच. 2,500 मीटरच्या वर काहींचं डोकं दुखतं, झोप लागत नाही. म्हणून पोचल्याच्या दिवशी कुणीच स्कीला हात लावायचा नाही. भरपूर पाणी, हलकं जेवण, आणि झोप.

फोन : आपल्याकडचं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही. प्रत्येक घरात एक तरी पोस्टपेड नंबर हवा. निपाणीकरांनी लगेच बदलून घेतला.

7 जानेवारी 2024, रविवार

बर्फ नाही.

16 जानेवारी, मंगळवार

काल संक्रांत. तिळगूळ द्यायला सगळे आले आणि सगळ्यांच्या फोनवर तीच छायाचित्रं : गुलमर्गची जमीन उघडी, तपकिरी. चिल्ला-ए-कलांचे 26 दिवस संपले तरी उतार कोरडे. भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी विक्षोभ या भागात हिवाळी बर्फ आणतात, यंदा त्यातला एकही जोरदार आलेला नाही.

भाऊजींचं म्हणणं, आत्ता रद्द केलं तर हॉटेलचे निम्मे पैसे परत मिळतात, 25 तारखेनंतर काहीच नाही. निपाणीच्या ताईचं म्हणणं, बर्फ नसेल तर श्रीनगर बघून येऊ. मुलं गप्प होती, तेच मला सहन झालं नाही. भिशीतला प्रत्येक रुपया कुणीतरी काहीतरी बाजूला सारून टाकलाय. उगाच आशेवर तो घालवायचा अधिकार मला नाही. आणि भीतीनं सोडून द्यायचाही नाही.

सुभेदारकाकांना फोन केला. ते म्हणाले, "उशिरा पडलेला बर्फ पण बर्फच की. 25 पर्यंत थांबा. हवामान खात्याचा अंदाज रोज बघा, फोटो बघू नका. फोटो कालचे असतात."

ठरलं : 25 ला रात्री निर्णय. तोवर कुणी फोटो पाठवायचे नाहीत.

25 जानेवारी, गुरुवार. रात्री 10.

महिनाअखेरीस विक्षोभ येण्याचा अंदाज आहे. बाकीच्या तीन घरांना तीन फोन केले. दोन "जाऊया" म्हणाले. खानापूरहून वहिनींनी फोन घेतला. म्हणाल्या, "एवढ्या उठाबशा काढल्यात, आता जायलाच पाहिजे." हॉटेल कायम केलं.

28 जानेवारी, रविवार

पडला. गुलमर्गला बर्फ पडला. छोटी फोनवर नुसती ओरडत होती, शब्द कळत नव्हते.

4 फेब्रुवारी, रविवार

गेले काही दिवस तिकडं बर्फ पडतोच आहे. बांधाबांध चालू. शेंगदाण्याची चटणी, दशम्या, कुंदा एक डबा, आणि गोकाकचं करदंट तीन किलो. करदंटात डिंक, सुकामेवा, गूळ. थंडीत खिशात ठेवून चघळायला याच्याहून चांगलं काही मला सुचत नाही. प्रत्येकाच्या जाकिटात रोज दोन तुकडे.

7 फेब्रुवारी, बुधवार. गुलमर्ग.

टंगमर्गला उतरून चाकांना साखळ्या लावलेल्या गाड्यांत बसलो. शेवटचे 13 किलोमीटर देवदारांमधून. दोन्ही बाजूंना बर्फाच्या भिंती. गाडीत पंधरातलं कुणीच बोलत नव्हतं. उतरल्यावर सासूबाईंनी वाकून ओंजळभर बर्फ उचलला आणि कपाळाला लावला.

आज फक्त बूट, स्की, हेल्मेट घालून बघितले. पाटावरच्या कागदांनी काम सोपं झालं. एकाच बुटाची अदलाबदल करावी लागली, माझ्या धाकट्याचा : मी कागदावरचा आकडा उतरवताना 21.5 चा 22.5 केला होता. दुकानदारानं पाऊल पुन्हा मोजलं म्हणून कळलं. उभं राहिल्यावर बोटं समोर जेमतेम टेकली पाहिजेत, आणि गुडघे वाकवले की सुटली पाहिजेत. सैल बुटात पाय फिरतो आणि स्की फिरत नाही.

8 फेब्रुवारी, गुरुवार

पहिला दिवस. आधी पडायला शिकवलं : बाजूला, डोंगराकडच्या अंगाला, काठ्या सोडून. मग स्की उताराला आडव्या करून उठायला. मग एकाच पायात स्की घालून सपाटीवर चालणं. मी अकरा वेळा पडले. गादीसारखा बर्फ, लागत नाही, पण उठताना मात्र जीव जातो.

शिक्षक तिथल्याच गावातले, शांत माणसं. छोटीला सारखं सांगत होते, "घुटने मोड़ो, आगे देखो." आता ती जेवतानाही दादाला तेच सांगते आहे.

सासूबाई उतारापाशी चहाच्या टपरीत कांगडी (निखाऱ्यांची छोटी शेगडी) घेऊन बसल्या. तिथल्या एका आजीनं त्यांना नून चाय पाजला. भाषा एकमेकींची येत नाही, तरी दोघींचं तासभर बोलणं झालं.

9 फेब्रुवारी, शुक्रवार

थांबायला आलं. मुलं दोरीच्या लिफ्टनं वर जाऊन येतात. दादानं दुपारचा अर्धा दिवस सोडला, गुडघा शेकत बसला. कुणी काही विचारलं नाही.

10 फेब्रुवारी, शनिवार

तिसरा दिवस, आणि काकांनी सांगितलं तसंच. भाऊजी आणि कॉलेजवाला दुपारी म्हणाले, आता गोंडोलानं दुसऱ्या टप्प्यापर्यंत जाऊ, नुसतं बघायला, स्की खाली ठेवून. मी वही उघडून लाल शाईचं पान समोर ठेवलं. भाऊजी जरा रागावले. मी बोलले ते आवाज न चढवता, पण माघार घेतली नाही. शेवटी सासूबाई म्हणाल्या, "पहिल्या टप्प्यावर मला घेऊन चला, मला एकटीला जाता येत नाही." दोघंही गेले. कोंगदोरीवरून, म्हणजे पहिल्या टप्प्यावरून, अफरवट शिखर दिसतं, खूप जवळ वाटतं.

11 फेब्रुवारी, रविवार

शेवटची शिकवणी. वहिनी चारही दिवस त्याच सपाट उतारावर राहिल्या. वर चढून जायला शिक्षकांनी दोनदा विचारलं, त्या दोनदा नको म्हणाल्या. दुपारी मी वरच्या उतारावरून पाच वळणं घेत खाली आले तेव्हा त्या खाली थांबल्या होत्या. म्हणाल्या, "आक्का, मला आता कुठं थांबायचं ते कळतंय." आणि मग एकट्याच, सावकाश, चहाच्या टपरीपर्यंत घसरत गेल्या आणि बरोबर सासूबाईंच्या पुढ्यात थांबल्या.

25 फेब्रुवारी, रविवार. टिळकवाडी.

हिशेब पूर्ण. राखीवातून परतीच्या वेळी दिल्लीतली जादा रात्र आणि दादाच्या गुडघ्याचा पट्टा, एवढंच गेलं. उरलेले पैसे चार घरांना परत दिले.

22 तारखेला गुलमर्गच्या वरच्या, न राखलेल्या उतारांवर बर्फाचा कडा सुटला. एक रशियन स्की करणारा गेला, बाकीच्यांना वाचवलं. बातमी आली तेव्हा भाऊजींचा फोन आला. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "लाल शाईचं ते पान फाडू नका."

आज सगळे कागद फाइलला लावत होते. छोटी आली आणि पाट आणायला गेली. "माझा पाय परत काढ." टाच भिंतीला लावली, पेन्सिल फिरवली. जुन्या रेघेच्या तीन मिलिमीटर पुढं नवी रेघ आली. तारीख घातली.